‘कासव’ : मनोविकाराचे दैहिक रूप

मनोविकाराचे चित्रण करणाऱ्या आपल्या कलाकृतींत देहाला बहुधा गौण स्थान असते. पात्राचे दुःख संवादांतून प्रकट व्हावयाचे आणि कोणी समजूत घातली की ओसरावयाचे, अशी रूढी पडली आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१६) हा चित्रपट या रूढीपासून दूर जातो, म्हणून त्याचा विचार अवश्य आहे.

याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘देवराई’त (२००४) छिन्नमनस्कतेचे चित्रण होते, तेथे भ्रमांची सृष्टीच प्रेक्षकाला खिळवून ठेवते. ‘कासव’मधील तरुणापाशी असे वेधक काही नाही. आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर भटकत निघालेला हा मुलगा बोलत नाही, एवढेच. स्वतः अशाच अवस्थेतून गेलेली जानकी त्याला समुद्रकाठच्या घरी आणते, परंतु त्याच्या पूर्वायुष्याचा पिच्छा पुरवीत नाही. निजणे, खाणे, नुसते असणे यांना ती अवसर देते.

हा संयम केवळ सौजन्याचा नव्हे. तो शास्त्रालाही धरून आहे. (निर्मात्यांपैकी डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.) निद्रा, क्षुधा व हालचालींची गती यांतील बिघाड हा नैराश्याचा केवळ परिणाम मानला जात नाही, निदानाच्या लक्षणांतच त्याची गणना होते. मेंदू आज्ञा देतो आणि देह ती पाळतो, ही समजूतही अपुरी आहे. व्हेगस मज्जातंतूतील बहुसंख्य तंतू अवयवांची वार्ता मेंदूकडे नेणारे असतात. उत्साहाची वाट न पाहता रुग्णाकडून आधी लहानसहान कृती करवून घेणारी उपचारपद्धती मान्यता पावली आहे, तीही याच दिशेची. मनाला उपदेश करण्याची आपली परंपरा मोठी. परंतु तो ऐकण्याचे त्राणच उरले नसेल तर काय, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

माझा आक्षेप शीर्षकातील प्रतिमेविषयी आहे. कासव म्हणताच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ आठवतो. तो इंद्रिये आवरून घेतो, पण स्वेच्छेने. नैराश्यग्रस्ताची माघार स्वेच्छेची नसते. तीवर वैराग्याची छाया पडू देणे म्हणजे व्याधीला अकारण प्रतिष्ठा देणे होय. शिवाय सागरी कासवाला डोके व पाय कवचात ओढून घेता येतच नाहीत! वस्तुतः अधिक समर्पक प्रतिमा चित्रपटातील कासव-संवर्धनातच होती. अंड्यांना वाळूची ऊब व राखण लागते. पिले मात्र पाण्यापर्यंत आपल्या पायांनी जातात. तेवढ्यावर भिस्त ठेवावयास हवी होती.

आणखी एक उणीव जाणवते. जानकीचे घर ऐसपैस, आणि वेळ मुबलक. इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या गावी उसाला पाणी देण्याची पाळी रात्री आली तरी चुकवता येत नाही, आणि निजावयास वेगळी खोली असतेच असे नाही. अशा घरातील रुग्णाच्या देहाला विसावा कोणी व कसा मिळवून द्यावयाचा, हा प्रश्न ‘कासव’च्या किनाऱ्यापर्यंत येत नाही.