अद्ययावत म्हणजे नेमके काय?

शिक्षकांच्या मेळाव्यात आम्हां संशोधकांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : विषयातले नवे नवे आम्हांला कळावे कसे? प्रश्नामागची तळमळ खरी असते. पाठ्यपुस्तक वर्षानुवर्षे तेच राहते आणि मुले मात्र कालची बातमी घेऊन वर्गात येतात. यावर दिला जाणारा ठरीव सल्ला म्हणजे 'भरपूर वाचा, अद्ययावत राहा'. हा सल्ला आम्हांला अपुरा वाटतो. काही वेळा तर तो दिशाभूल करणारा ठरतो. कसा, ते एका उदाहरणाने पाहू.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर जमिनीखालून प्रवास करून इटलीतल्या ग्रान सासो येथे पोहोचत. प्रकाशाला एवढ्या अंतरासाठी जितका वेळ लागेल त्यापेक्षा हे कण सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे तेथील 'ऑपेरा' गटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले. आइनस्टाइन चुकला, असे मथळे जगभर झळकले. गटाने स्वतः मात्र 'आमची चूक शोधा' असेच इतरांना आवाहन केले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये कळले, की घड्याळाकडे वेळेचा संकेत नेणाऱ्या प्रकाशीय तंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. मार्चमध्ये तेथीलच 'इकॅरस' गटाच्या मोजमापात न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने आल्याचे दिसले आणि जूनमध्ये ऑपेरानेही तेच मान्य केले. मथळे मात्र फिरून आले नाहीत.

या नऊ महिन्यांत एखाद्या विद्यार्थ्याने बातमी पुढे केली असती, तर शिक्षकाने काय करावे? ताजा शोधनिबंध वाचण्याची गरज नव्हती. ७३० किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. ६० नॅनोसेकंद हा त्याचा साधारण चाळीस हजारावा भाग. आता १९८७ साली दिसलेला अतिनवतारा आठवा. तो सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर होता. न्यूट्रिनो खरोखरच एवढे वेगवान असते, तर ते प्रकाशाच्या सुमारे चार वर्षे आधी यायला हवे होते. प्रत्यक्षात ते आले अवघे काही तास आधी, आणि तेही ताऱ्याच्या पोटातून प्रकाशाला बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा बरीच कमी होती, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नव्हे. पण घाई करू नका, एवढे सांगायला तो पुरेसा होता. नव्याची पारख जुन्या ज्ञानाने होते, ती अशी.

आता नव्या माहितीच्या मुख्य वाटेकडे वळू. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस येथे छपाईपूर्व शोधनिबंधांचे संगणकीय भांडार सुरू केले. तेच आजचे 'अर्काइव्ह'. २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. समुद्रमार्गे येणारी नियतकालिके महिनोन्‌महिने उशिरा हाती पडत, त्या काळी आपल्याकडचा संशोधक शर्यतीत मागूनच धावे. आज मुंबईला आणि बॉस्टनला निबंध एकाच दिवशी दिसतो, तोही फुकट. पण या भांडारात निबंधाची प्राथमिक छाननी होते, तज्ज्ञांकडून परीक्षण नव्हे. शिवाय सारांशात निष्कर्ष ठसठशीत आणि शंका मात्र आत चौदाव्या पानावर, ही आमच्या जमातीची खोड जुनीच आहे. बातमीदार सारांश वाचतो आणि शिक्षक बातमी वाचतो. प्रत्येक पायरीवर एकेक 'कदाचित' गळून पडतो.

मग परीक्षण झालेलेच वाचावे का? तेही पुरे पडत नाही. १५ अंश सेल्सियसला अतिसंवाहकता सापडल्याचा दावा ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'ने छापला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मागे घेतला. परीक्षण म्हणजे दोन-तीन जाणकारांनी वाचून पाहिल्याची खूण. दुसऱ्या प्रयोगशाळेत प्रयोग जुळल्याची ती पावती नव्हे.

आता उलट उदाहरण घ्या. पॅरिसजवळ सेव्हर येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल १८८९ पासून किलोग्रॅमची व्याख्या होता. २० मे २०१९ पासून तो मान गेला. आता प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असा कायमचा ठरवून त्यावरून किलोग्रॅम काढतात. बाजारातल्या वजनात रतीभर फरक पडला नाही, म्हणून या बातमीचा फारसा गाजावाजाही झाला नाही. पण मापनाचा धडा शिकवणाऱ्यासाठी न्यूट्रिनोच्या गोंगाटापेक्षा हा बदल कितीतरी मोठा. जो शिक्षक आजही त्या दंडगोलालाच प्रमाण किलोग्रॅम म्हणतो, त्याने रोज दहा बातम्या वाचल्या तरी तो मागेच राहिलेला असतो.

तेव्हा अद्ययावत असणे म्हणजे सर्वांत ताजे ठाऊक असणे नव्हे. आपण शिकवतो त्यातले काय अजून टिकून आहे, काय बदलले आहे आणि कशाचा निकाल लागायचा आहे, हे ठाऊक असणे म्हणजे अद्ययावत असणे. त्यासाठी सुट्या शोधनिबंधांपेक्षा समीक्षालेख उपयोगी. कारण त्यात एका प्रश्नावरचे अनेकांचे काम पारखून एकत्र मांडलेले असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे 'रेझोनन्स' हे मासिक १९९६ पासून शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठीच निघते आणि संगणकावर विनामूल्य वाचता येते. वर्षाला अशा पाच-सहा लेखांचे सावकाश वाचन रोजच्या मथळ्यांपेक्षा अधिक पदरात टाकते.

वर्गासाठी एक साधी वही पुरे. मुलाने आणलेली बातमी तारखेसह लिहावी. शेजारी तीन गोष्टी नोंदवाव्यात : दावा कोणाचा, मोजले काय, आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले का. तिसरा रकाना बहुतेक वेळा कोराच राहील. तो कोराच ठेवावा आणि सहा महिन्यांनी मुलांकडूनच भरून घ्यावा. 'अजून ठरलेले नाही' हे उत्तर शिक्षकाने निःसंकोच दिले, तर मुलांना विज्ञानाची एखादी बातमी नव्हे, विज्ञानाची रीत कळेल. परीक्षेत तिला गुण नाहीत. पण उद्या कोणी चमत्कारी औषधाची जाहिरात त्यांच्यापुढे धरील, तेव्हा तो तिसरा रकाना त्यांना आठवावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.