वहीतली त्रिशला

आमच्या आज्जीची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची. त्यात गाणी. मराठी लिहिता लिहिता मधेच कानडी लिपी सुरू व्हायची. काही वर्षांपूर्वी समाजाच्या एका स्मरणिकेसाठी मजकूर निवडायला बसले तेव्हा ही वही पुढं आली, आणि "ही बायकांची गाणी, हे काही साहित्य नव्हे" म्हणून ती बाजूला सारणारी मीच होते. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

त्याच स्मरणिकेत माझा लेख होता: मराठी वाङ्मयाच्या इतिहासानं जैनांना कसं वगळलं! तक्रार खोटी नव्हती. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, 15व्या शतकात आपला गुणदास मराठीत लिहीत होता. तरी सुभाषचंद्र अक्कोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पोथ्या धुंडाळेपर्यंत हे सगळं 'सांप्रदायिक' म्हणून कोपऱ्यात. आणि मी घरातल्या वहीला तोच कोपरा दाखवला.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आता सगळेच देतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी कविता जपल्या, अत्र्यांनी त्या उचलून धरल्या, 1952 मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाई राहिल्या नव्हत्या. मला यात एक गोष्ट टोचते. त्या बाईला कवयित्री ठरायला घरात कवी मुलगा आणि दारात अत्रे लागले. आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांनी 'मालनगाथा'त ओव्या जमवल्या त्या नावगाव नसलेल्या बायांच्या. तिथंही शब्द टाकायला मोठी कवयित्रीच लागली म्हणा.

वही परत काढली. खरं सांगते, निम्म्याहून जास्त गाणी बेताची आहेत. आरत्या तर एकीचं कडवं दुसरीला जोडलं तरी कळणार नाही. जुनं आहे, आज्जीचं आहे, एवढ्यावर त्याला साहित्य म्हणणं हे कौतुक झालं, वाचन नव्हे.

पण त्रिशलामातेच्या सोळा स्वप्नांचं एक गाणं आहे. पुराणात राणी स्वप्नं सांगते आणि त्यांचं फळ सिद्धार्थ राजा सांगतो. वहीत राजा येतच नाही! त्रिशला पहाटे पाण्याला निघते आणि वाटेत भेटेल तिला एकेक स्वप्न सांगते. हत्ती एकीला, बैल दुसरीला, माशांची जोडी आडावरच्या बाईला. फळ त्याच सांगतात. बैलाचं ऐकून एक म्हणते, यंदा पेरणी वेळेवर होणार. शेवटचं स्वप्न निर्धूम अग्नीचं. ते जिला सांगितलं तिचा जन्म चुलीपुढं फुंकणी घेऊन गेलेला. ती काहीच बोलत नाही. गाणं तिथंच थांबतं.

शास्त्राला धरून नाही, असं कुणी म्हणेल. नसू दे. राजाला न हाकलता त्याला गाण्याबाहेर ठेवणं, आणि त्या शेवटच्या बाईला गप्प ठेवणं, हे ज्या कुणी केलं तिला काय सांगायचं नि कुठं थांबायचं ते पक्कं ठाऊक होतं. मी आणखी काय शोधत होते?

हे आज्जीनं रचलं की ऐकून उतरवलं, विचारायला आता ती नाही. कानडी लिपीतल्या ओळी मला लागत नाहीत. शेजारच्या आक्कांकडे दुपारी वही घेऊन जाते, त्या वाचतात, मी लिहून घेते. सात पानं झालीत.