तरुण रक्त, म्हाताऱ्या पेशी

नागपुरात शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हांला विचारले, "मुंबईत म्हणे उंदरांचे वय निम्म्याने कमी केले. मुलांना काय सांगायचे?" प्रश्न हॅरॉल्ड कॅचर व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाविषयी होता. तो २०२० मध्ये पूर्वप्रत म्हणून आणि २०२३ मध्ये 'जेरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण डुकरांच्या रक्तद्रवातील एक अंश म्हाताऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांचे रक्त, हृदय व यकृत यांचे 'वय' निम्म्याहून खाली आले.

यामागची कल्पना आम्हांला मोलाची वाटते. आपण वर्गात पेशी शिकवतो ती भिंतीतल्या विटेसारखी. पण वीट शेजारणीशी बोलत नाही, पेशी सतत बोलतात. संप्रेरके, प्रथिने, पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पुटिका हे त्यांचे निरोप. विभाजन थांबलेल्या जुनाट पेशी तर दाह वाढवणारे निरोप धाडून धडधाकट शेजाऱ्यांनाही बिघडवतात. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये म्हाताऱ्या व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडले, तेव्हा म्हाताऱ्यांच्या स्नायूंची दुरुस्ती सुधारली होती. म्हणजे म्हातारपण पेशीच्या आतच असते असे नाही. काही अंशी ते कानावर पडणाऱ्या निरोपांत असते.

आमचा आक्षेप 'वय' या शब्दाला आहे. मोजली गेली ती डीएनएवरील मिथिल गटांची मांडणी. ती वयानुसार बदलते, म्हणून तिच्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. उंदरांची स्मरणशक्ती व रक्ताच्या काही चाचण्याही सुधारल्या, हे मान्य. तरी टोचलेला अंश हे अनेक पदार्थांचे मिश्रण. कोणता निरोप कोणत्या पेशीला पोचला, ते यातून कळत नाही. शिवाय २०२० मध्येच दुसऱ्या एका गटाने म्हाताऱ्या उंदरांचा निम्मा रक्तद्रव काढून तेथे नुसते खारे पाणी व अल्ब्युमिन भरले, तरी सुधारणा दिसली. तरुण रक्ताचा थेंबही नव्हता! मग गुण तरुण निरोपांचा, की जुने निरोप पातळ झाल्याचा? संशोधकांपैकी काही जण हा उपचार विकसित करणाऱ्या कंपनीचे आहेत, हेही वाचताना ध्यानात असावे.

याच्या शेजारी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील वैजयंती काळे यांच्या गटाचे २०१८ मधील काम ठेवून पाहावे. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. तरुण आधारपेशींनी सोडलेल्या पुटिका मिळाल्यावर उंदरांच्या वृद्ध रक्त-मूलपेशी पुन्हा नीट काम करू लागल्या. या पुटिकांत स्वभक्षणाशी, म्हणजे पेशीने स्वतःचा कचरा मोडीत काढण्याशी, संबंधित आरएनए होते. येथे निरोप्या सापडतो, निरोपही वाचता येतो. आमच्या मते हे काम सरस आहे. अर्थात तेही उंदरांतलेच.

बाईंना आम्ही एवढेच सांगितले, की मुंबईचा प्रयोग सुमारे पाच महिन्यांचा होता आणि त्या उंदरांना किती जादा आयुष्य मिळाले, हा त्या निबंधाचा विषयच नव्हता. त्या म्हणाल्या, "मग उद्या मुलांनाच विचारते, वय मोजायचे कशाने?"