अहवाल आणि त्याचा श्रोता : एका अमेरिकन कायद्याचे परीक्षण

शासकीय खात्यांवर लादलेले अनावश्यक अहवाल कमी करावेत, ह्या मागणीला उघड विरोध करणारा मनुष्य सहसा आढळत नाही. मतभेद सुरू होतो तो ‘अनावश्यक’ ह्या विशेषणापाशी. हे विशेषण अहवालाच्या अंगचा गुण सांगते की अहवाल देणारा आणि मागणारा यांच्यामधील संबंध सांगते, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दच्छलाचा वाटेल. परंतु अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केलेल्या आणि २१ डिसेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘फेडरल रिपोर्ट्स एलिमिनेशन अँड सनसेट ॲक्ट’ ह्या कायद्याने त्याचे एक उत्तर गृहीत धरले, आणि त्या उत्तराचे परिणाम पाहता तो शब्दच्छल नव्हे हे ध्यानात येते.

सिनेटर जॉन मॅकेन यांनी मांडलेल्या ह्या कायद्याचे दोन स्वभाव आहेत. त्याचा बराचसा भाग खातेवार चालतो: अमुक कायद्याच्या अमुक कलमान्वये देण्याचा अहवाल रद्द, अमुक अहवालाच्या स्वरूपात बदल. हा भाग कंटाळवाणा आहे, पण प्रामाणिक आहे. प्रत्येक अहवालाचे नाव घेऊन, त्याच्याकडे एकवार तरी पाहून त्याला निरोप दिलेला आहे. कलम ३००३ चा स्वभाव मात्र सर्वस्वी निराळा. काँग्रेसला वार्षिक, सहामाही किंवा अन्य नियतकालिक अहवाल द्यावा असे सांगणाऱ्या ज्या तरतुदी एका विशिष्ट यादीत नोंदलेल्या आहेत, त्या चार वर्षांनंतर आपोआप निष्प्रभ होतील, असे हे कलम म्हणते. महानिरीक्षकांच्या अहवालांसारखे काही अपवाद त्यात आहेत. बाकी सर्वांना एकच न्याय.

ही यादी कोणती, हे पाहणे उद्‍बोधक आहे. ती प्रतिनिधिगृहाच्या लिपिकाने जानेवारी १९९३ मध्ये सादर केलेली, ‘हाउस डॉक्युमेंट १०३-७’ ह्या क्रमांकाची यादी होय. कोणत्या खात्याकडून कोणता अहवाल येणे आहे, हे सभासदांना कळावे म्हणून लिपिकाने अशी यादी करावी, हा सभागृहाच्या नियमांचाच भाग आहे. यादीतील रकाने तीन: अहवालाचे स्वरूप, त्याला आधारभूत कायदा, आणि तो केव्हा अपेक्षित आहे. म्हणजे मूळ संहितेचे प्रयोजन आठवण देणे हे होते. १९९५ च्या कायद्याने त्याच संहितेला मृत्युपत्रिकेचे काम दिले. सावकाराची येणे बाकीची वही हाती घेऊन तीच कर्जमाफीची यादी म्हणून वाचावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय ज्या अहवालांची मागणी ह्या यादीनंतरच्या कायद्यांनी केली, ते सुखरूप राहिले. त्यांची उपयुक्तता कोणी तपासली म्हणून नव्हे, तर ते उशिरा जन्मले म्हणून. अहवाल कोण वाचतो, त्यावरून कोणता निर्णय घेतला जातो, ह्याला यादीत रकानाच नव्हता. त्यामुळे कायद्यालाही तो प्रश्न विचारता आला नाही.

भाषाव्यवहाराच्या दृष्टीने अहवाल हे स्वयंपूर्ण विधान नसून उत्तर असते. मराठीत ‘अहवाल’ हा शब्द पुल्लिंगी एकवचनी म्हणून रुळला आहे. अरबीत मात्र तो ‘हाल’ ह्या शब्दाचे अनेकवचन आहे. ‘काय हाल आहेत?’ असे कोणी विचारले तरच ‘अहवाल’ सांगावयाचा असतो. विचारणारा निघून गेला आणि सांगणे तेवढे उरले, तर काय होते, ह्याचे उदाहरण आपल्या कचेऱ्यांत प्रत्यही दिसते: ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ ‘निरंक’ म्हणून धाडलेला कागद रिकामा असेलच असे नाही. वर्षभर अपघात घडला नाही ही मोठीच बातमी होय, पण ती ऐकण्यासाठी कोणी थांबलेला असेल तरच. एकच ‘निरंक’ एका टेबलावर माहिती असतो आणि दुसऱ्या टेबलावर रद्दी.

कलम ३००३ ची मुदत मुळात डिसेंबर १९९९ मध्ये संपणार होती. नंतरच्या कायद्याने ती १५ मे २००० पर्यंत वाढविली. ती जवळ येताच कित्येकांना आपापल्या अहवालांची आठवण झाली. त्यांपैकी दोन उदाहरणे थांबून पाहण्याजोगी आहेत.

पहिले, दूरध्वनी व अन्य संभाषणे चोरून ऐकण्यासाठी न्यायालयांनी दिलेल्या परवानग्यांचा वार्षिक अहवाल. १९६८ च्या कायद्याने तो आवश्यक केला. किती परवानग्या मागितल्या, कोणत्या गुन्ह्यांसाठी, किती दिवस, किती खर्च आला, किती अटका झाल्या, हे त्यावरून कळते. हा अहवालही यादीत होता. तो वाचविणारा स्वतंत्र कायदा २ मे २००० रोजी, म्हणजे मुदतीच्या केवळ तेरा दिवस आधी झाला, आणि त्याच कायद्याने सांकेतिक लिपीत बद्ध केलेली संभाषणे किती वेळा आढळली हे नवे कलमही अहवालात घातले. नागरिकांच्या खाजगी बोलण्यावर शासन किती कान ठेवते, हे सांगणारा हा अहवाल लिपिकाच्या यादीत कुठल्याही किरकोळ अहवालाच्या शेजारी, त्याच टंकात, त्याच तीन रकान्यांत छापलेला होता. ‘अनावश्यक’ हा अहवालाच्या अंगचाच गुण मानला की दोघांची किंमत एकच ठरते.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते कायद्याच्या टीकाकारांनाही थोडे अडचणीचे ठरेल. १९७८ च्या हम्फ्री-हॉकिन्स कायद्यानुसार फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक वर्षातून दोनदा काँग्रेसला चलनधोरणाचा अहवाल देत असे, आणि पैशाच्या व कर्जाच्या वाढीच्या अपेक्षित मर्यादा त्यात जाहीर करणे तिला भाग होते. ॲलन ग्रीनस्पॅन यांनी १९९३ मध्येच साक्षीत सांगितले होते की, पैशाच्या वाढीचा प्रमुख आकडा आता भरवशाचा मार्गदर्शक राहिलेला नाही. तरीही पुढील सात वर्षे मर्यादा जाहीर होत राहिल्या, कारण कायदा तसे सांगत होता. बोलणाऱ्याचा विश्वास नाही आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे, अशा वाक्याला विधान म्हणावे की विधी म्हणावे? मे २००० मध्ये बंधन सरले. अहवाल जुलैमध्ये आला आणि ग्रीनस्पॅन यांची साक्षही झाली. मर्यादा मात्र नव्हत्या, आणि त्या ठरविण्याची कायदेशीर आवश्यकता संपली असल्याचे अहवालात नोंदविले होते. डिसेंबर २००० मध्ये काँग्रेसने अहवाल व साक्ष यांचे बंधन पुन्हा घातले, मर्यादांचे घातले नाही. अनावश्यक होता तो अहवाल नव्हे, त्यातील एक परिच्छेद. इतकी नेमकी छाटणी आंधळ्या कलमामुळे घडली, हे खरेच. पण ती पुरी व्हावयास दुसऱ्यांदा डोळे उघडून लिहावे लागले.

पुढील प्रयत्न ‘जीपीआरए मॉडर्नायझेशन ॲक्ट’चा. हा कायदा ४ जानेवारी २०११ रोजी अमलात आला. त्यात खात्यांनी आपापल्या अहवालांची यादी करून, काँग्रेसच्या समित्यांशी विचारविनिमय करून कालबाह्य व पुनरुक्त अहवाल दाखवावेत, असे कलम आहे. मागणाऱ्याला विचारण्याची ही तरतूद १९९५ च्या तुलनेने निश्चितच पुढचे पाऊल होय. परंतु त्याच कलमात पहिल्या वर्षी निदान दहा टक्के अहवाल दाखविलेच पाहिजेत, अशी अट आहे. वाचनापूर्वीच निष्कर्षाचे प्रमाण ठरविणारी ही पद्धत संशोधनात कोणी खपवून घेणार नाही. (अनावश्यक अहवालांची यादी हाही खात्याने द्यावयाचा आणखी एक अहवाल झाला, ही गंमत कायद्याच्या कर्त्यांच्या लक्षात आली असावी.) ह्या याद्यांतून निष्पन्न झालेला ‘गव्हर्नमेंट रिपोर्ट्स एलिमिनेशन ॲक्ट’ २६ नोव्हेंबर २०१४ रोजी संमत झाला. त्याने पुन्हा नाव घेऊन छाटण्याची जुनी, कंटाळवाणी रीत पत्करली, आणि ते योग्यच झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये संरक्षणविषयक कायद्याला जोडून आलेल्या तरतुदींनी काँग्रेसला सादर होणारे अहवाल, गोपनीयतेसारख्या कारणांनी वगळावे लागणारे सोडून, सरकारी मुद्रणालयामार्फत एका ठिकाणी जनतेला उपलब्ध करण्याचे ठरविले. अहवालाचा श्रोता त्यामुळे एकटी समिती राहिलेली नाही, आणि ‘कोणाला अनावश्यक?’ ह्या प्रश्नाचे उत्तर समितीला विचारूनही पुरते मिळणार नाही. चलनधोरणाच्या अहवालाविषयीच्या १९७८ आणि २००० च्या तरतुदी शेजारी ठेवून त्यांतील क्रियापदांची तुलना करण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य हाती घ्यावे. कोणती मागणी टिकली आणि कोणती गळाली, हे तेथे वाक्यागणिक दिसते.