विमानातील कंपन-नियंत्रण : ‘क्यू-४००’ची एक चिकित्सा

केबिनमधील आवाज हा केवळ जाड अस्तराचा प्रश्न आहे, ही समजूत अपुरी आहे. डॅश ८ क्यू-४०० या विमानाचा (नावातील ‘क्यू’ हे ‘क्वाएट’चे आद्याक्षर) सहा पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ८५० फेरे घेत असता ८५ हर्ट्झचे दाबतरंग कवचावर आदळतात व सांगाड्यातून आत पोहोचतात. एवढ्या कमी वारंवारितेपुढे हलके अस्तर निष्प्रभ ठरते. म्हणून मायक्रोफोन, संगणक आणि चौकटींवरील सक्रिय कंपनशामके यांची योजना करण्यात आली. योजना कल्पक खरीच. परंतु तिचे लक्ष्य मायक्रोफोनपाशी येणारा आवाज हे आहे, चौकटीचे कंपन नव्हे. आवाज घटत असताना चौकटीचे कंपन वाढूही शकते. आणि धातूचा थकवा ठरतो तो कंपनाने. तेव्हा डेसिबलच्या आकड्यांवरून सांगाड्याच्या आयुर्मानाविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष होय.