कंसांच्या आतली वाट

पिंपळे गुरवातून रोज सकाळी हिंजवडीकडे निघणाऱ्या गर्दीत असे कितीतरी जण असतात, ज्यांनी 'टीएनएसनेम्स डॉट ओरा' ही फाईल नोटपॅडमध्ये उघडलेली असते. उघडतात तीही काहीतरी अडल्यावरच. पण ही फाईल सावकाश वाचावी अशी आहे.

ओरॅकलच्या डेटाबेसपर्यंत कसं पोचायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आधी एक नाव, समजा 'स्टोअर्स'. मग बरोबरचं चिन्ह आणि कंसात कंस. सगळ्यात बाहेरचा डिस्क्रिप्शनचा. त्याच्या पोटात ॲड्रेस : प्रोटोकॉल टीसीपी, होस्ट, पोर्ट 1521. त्याच्याशेजारी कनेक्ट डेटा, त्यात सर्व्हिस नेम. जायचं कुठे ते एका कंसात, तिथे गाठायचं कुणाला ते दुसऱ्यात. या मजकुराचं खरं सौंदर्य मला या फोडीत दिसतं. भोसरीतला सर्व्हर उद्या चाकणच्या प्लँटवर नेला, तर बदलते ती होस्टची ओळ. चलन बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनला त्याची गंधवार्ताही नसते. तिला फक्त 'स्टोअर्स' ठाऊक. (फाईल प्रत्येक पीसीवर वेगळी असेल तर तितक्या ठिकाणी हात घालावा लागतो, म्हणून जाणती मंडळी ती एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतात.) ओरॅकल 7च्या काळात ही फाईल वाचून डेटाबेसशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव एसक्यूएल नेट होतं, 1997च्या ओरॅकल 8बरोबर ते नेट 8 झालं, आता ओरॅकल नेट. कंस टिकून राहिले.

सर्व्हरच्या त्या 1521 पोर्टवर लिसनर नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो. त्याचं वागणं मला फार आवडतं. मागणी आली की ती सर्व्हिस आपल्याकडे नोंदलेली आहे का ते तो पाहतो, क्लायंटची गाठ एका सर्व्हर प्रोसेसशी घालून देतो आणि बाजूला होतो. पुढच्या संभाषणात तो नसतोच. भर शिफ्टमध्ये लिसनर बंद पडला तरी उघड्या स्क्रीन चालू राहतात, अडतात ते नव्याने लॉगिन करणारे.

एररचे आकडेही याच वाटेवरचे टप्पे आहेत. 12154 म्हणजे नावाचाच उलगडा झाला नाही. कधी स्पेलिंग चुकलेलं, कधी एखादा कंस मिटायचा राहिलेला. 12541 म्हणजे पत्ता मिळाला, पण तिथे लिसनर नाही. 12514 म्हणजे लिसनर हजर आहे, मागितलेली सर्व्हिस मात्र त्याच्या नोंदीत नाही. डेटाबेस चालू असताना लिसनर रीस्टार्ट केला की ही तिसरी एरर हमखास दिसते, कारण नोंद डेटाबेसने स्वतःहून करायची असते आणि त्याला मिनिटभर लागू शकतं. ज्याला हे ठाऊक आहे तो घाबरून सर्व्हर रीबूट करत नाही. तो थांबतो, किंवा 'ऑल्टर सिस्टीम रजिस्टर' देतो. आणि जोडणी तपासणाऱ्या टीएनएसपिंग या कमांडने 'ओके' दिलं म्हणून डेटाबेस सुरू आहे असंही तो धरून चालत नाही, कारण ते फक्त लिसनरपर्यंत जाऊन परत येतं.