‘इंटरनेटचा समाजावरील परिणाम’ : एका संशोधनविषयाची चिकित्सा

प्रस्तावना :

समाजशास्त्र, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि मराठी वाङ्मय या परस्परांपासून दूर असलेल्या विद्याशाखांत गेली दोन दशके एक विषय सातत्याने आढळतो. ‘इंटरनेटचा समाजावरील परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ हे त्याचे मूळ रूप होय. ‘समाज’ या शब्दाच्या जागी कधी ‘युवक’, कधी ‘ग्रामीण महिला’, तर कधी ‘वाचनसंस्कृती’ येते. शेवटी ‘यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ अशी जोड दिली जाते. विषय नवा वाटतो, मार्गदर्शकास तो नाकारण्याचे कारण दिसत नाही आणि संशोधन समितीतही त्यावर फारशी चर्चा होत नाही. विषयाची ही सुलभताच त्याचा प्रमुख दोष आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवले जाऊ लागल्यापासून अशी शीर्षके एकमेकांशेजारी दिसू लागली आणि पुनरावृत्ती लपेनाशी झाली. २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या तपासणीची चौकट घालून दिली. तथापि मजकूर न उचलताही प्रश्न उसना असू शकतो, आणि तो कोणत्याही संगणकप्रणालीत पकडला जात नाही.

‘परिणाम’ या शब्दाची अडचण :

‘परिणाम’ म्हटले की एक कारण, एक कार्य आणि त्या दोहोंमधील सरळ रेषा गृहीत धरली जाते. तंत्र बाहेरून येते व समाज ते निमूटपणे सोसतो, असा त्याचा अर्थ होतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीविषयीच्या ग्रंथात या विचारपद्धतीची झाडाझडती घेतली होती. आपल्याकडील प्रबंधांच्या संदर्भसूचीत हा ग्रंथ क्वचित दिसतो, ही खेदाची बाब आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग येथील ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचा अभ्यास करून १९९८ मध्ये असे मांडले की, इंटरनेटचा अधिक वापर करणाऱ्यांचा कुटुंबातील संवाद काहीसा घटला आणि एकाकीपणा वाढला. पुढे त्याच गटातील व्यक्तींची पुन्हा पाहणी केली असता ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरल्याचे आढळले, आणि संशोधकांनी ते २००२ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. तीच माणसे, तेच साधन. मधल्या काळात वापराचे स्वरूप, संपर्कातील माणसे आणि सवय बदलली होती. मग दोनशे विद्यार्थ्यांना एकदाच प्रश्नावली देऊन, ‘होय’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ अशा उत्तरांची टक्केवारी काढून जो ‘परिणाम’ सिद्ध केला जातो, तो नेमका कोणत्या दिवसाचा असतो?

याउलट, डॅनियल मिलर व डॉन स्लेटर यांनी २००० साली त्रिनिदादमधील लोक इंटरनेटचे काय करतात, असा प्रश्न विचारला. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ च्या निबंधात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल फोन आल्यानंतर मासळीच्या भावातील तफावत कशी कमी झाली, एवढेच तपासले. प्रश्न लहान होता, म्हणून उत्तर ठाम मिळाले.

जिल्ह्यातील काही दाखले :

यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे सामावून घेणाऱ्या जिल्ह्यात ‘समाज’ हा एकवचनी शब्द वापरणेच धाडसाचे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के, तर शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांना इंटरनेट सुविधा होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे ३३ टक्के स्त्रियांनी व ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी तरी वापरल्याचे नोंदले गेले. ही तफावत प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उद्धृत होते. पुढील प्रकरणांत मात्र नमुना निवडला जातो तो महाविद्यालयात सहज हाती लागणाऱ्या विद्यार्थ्यांचा.

वस्तुतः येथील शेतकऱ्याचा इंटरनेटशी सक्तीचा संबंध आला तो २०१७ च्या पावसाळ्यात. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज भरणे बंधनकारक झाले. ज्याने कधी संगणकाला हात लावला नव्हता, तो आधार कार्ड व बँकेचे पासबुक घेऊन ‘आपले सरकार सेवा केंद्रा’समोर रांगेत उभा राहिला. अर्ज त्याच्या नावाचा, बोटाचा ठसा त्याचा. पडद्यावरील मजकूर वाचणारा आणि कळ दाबणारा मात्र दुसराच. हा शेतकरी ‘इंटरनेट वापरकर्ता’ आहे काय? प्रचलित प्रश्नावलीत त्याने ‘नाही’वर खूण केली असती आणि तो अभ्यासातून गळाला असता. त्याच्या वर्षभराच्या संसाराचा निर्णय मात्र त्याच पडद्यावर होत होता. इंटरनेटमुळे मध्यस्थ नाहीसा होईल असे सांगितले जात होते. अडत्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची होती. त्याच्या शेजारी आता केंद्रचालक हा नवा मध्यस्थ उभा राहिला. त्याचे शुल्क, त्याची गावातील प्रतिष्ठा, त्याच्या चुकीची जबाबदारी हे सर्व प्रबंधाचे विषय आहेत.

त्यानंतर ही साखळी वाढतच गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी असे ठरले. पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी आवश्यक झाली. ज्या वाडीवस्तीत टॉवरचा संकेत टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, तेथे ७२ तास म्हणजे किती तास, हा प्रश्न एखाद्या संशोधकाने झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यात बसून सोडविण्यासारखा आहे. बटईने शेती करणाऱ्याच्या नावे सातबारा नसेल तर त्याने नोंदणी कोणाच्या नावाने करावी, हा दुसरा.

मराठीच्या प्राध्यापकांसाठी तर जिल्ह्याने एक विषय हाती आणून दिला आहे. १९७३ नंतर यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते जानेवारी २०१९ मध्ये. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्‌घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. त्यांचे नियोजित भाषण मंडपात झाले नाही. वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून मात्र ते मराठी अनुवादासह सर्वदूर पोहोचले. निमंत्रण मागे घेण्याविषयी अध्यक्षांनी आपल्या भाषणात स्पष्ट नापसंती व्यक्त केली. संमेलनाचे उद्‌घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. न झालेल्या भाषणाला झालेल्या भाषणांहून अधिक वाचक मिळाले काय? त्याचे अनुवाद किती, त्यांत फरक कोणते, कोणता भाग गाळून पुढे पाठविला गेला? मंडपातील श्रोता आणि भ्रमणध्वनीवरचा वाचक यांत साहित्यव्यवहार कोणाला ‘रसिक’ मानतो? ‘सोशल मीडिया आणि मराठी साहित्य’ या ढोबळ शीर्षकाखाली हे सारे दोन ओळींत उरकले जाते. असा विषय जवळ असताना तो घेतला जात नाही, याचे कारण आळस नसून धास्ती असावी. वादाचा विषय निवडल्यास परीक्षक कोण येईल, ही चिंता विद्यार्थ्यापेक्षा मार्गदर्शकाला अधिक असते.

साधनांचा प्रश्न :

ही साधने टिकाऊ नाहीत. वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांविषयी लक्ष्मण सत्या यांना १९९७ चा ग्रंथ लिहिता आला, कारण एकोणिसाव्या शतकातील प्रशासकीय कागद दप्तरांत शिल्लक होते. २०१७ च्या रांगेचा कागद मात्र अर्जाच्या पोचपावतीपुरताच आहे, आणि २०१९ च्या जानेवारीतील संदेश ज्यांच्या मोबाइलमध्ये होते त्यांनी ते मोबाइल बहुधा बदललेही असतील. सेवा केंद्रांचे चालक, संमेलनाचे कार्यकर्ते, अनुवाद पुढे पाठविणारे वाचक यांच्या मुलाखती आज घेता येतात. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या विनियमांनी बंद झाल्यामुळे असे लहान, एका तालुक्यापुरते काम करण्याची जुनी जागाही उरलेली नाही. ते आता पीएच.डी.च्या आराखड्यातच बसवावे लागेल. तेव्हा आराखडा समितीपुढे येईल त्यावेळी नमुन्याची संख्या विचारण्याआधी गावाचे नाव, हंगाम आणि ॲप यांची चौकशी व्हावी.